दोन ठिकाणी नंबर लागला तेव्हा

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात माझा नंबर लागला, ही बातमी मी काकूला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हळू आवाजात सांगितली. हातून काचेची बरणी फुटल्यावर सांगतात ना, तशी.

काकू वांगी चिरत होती. तिने विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चंद्रपूरची यादी कवा लागते?"

"दोन-चार दिवसांत."

"मंग थांब. इतक्यात कोणाले सांगू नको."

मी आधीच बाबांना फोन केला होता, हे तिला सांगायचा धीर झाला नाही.

काकू म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये कामाला, आणि काकू घरी बसून ब्लाउज शिवायची. त्यांना मूल नव्हतं. दवाखाने झाले, देव झाले, आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले तोवर त्याबद्दलचं बोलणंही थांबलं होतं. आमचं घर ब्रह्मपुरीच्या बाजूला, वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका गावात. घरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत आहे, ते आई बघते. बाबा ब्रह्मपुरी ते आरमोरी काळी-पिवळी जीप चालवतात.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात काकू गावी आली, अंगणात आईसमोर बसली आणि म्हणाली, "बाई, हिले मले द्या. मी शिकवतो." आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी शिकवतो' असंच बोलतात. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "बारावीपर्यंत."

बारावीनंतर पहिल्या परीक्षेत मला मार्क कमी पडले. पुन्हा एक वर्ष अभ्यास करायचं ठरलं आणि मी बल्लारपूरलाच राहिले. त्या तिसऱ्या वर्षाचं आईला कोणी वेगळं विचारलं नाही.

क्लास चंद्रपूरला होता. संध्याकाळी मी बसने परत यायचे तेव्हा काकू फाटकाशी उभी असायची. बसला उशीर झाला की ती कोपऱ्यापर्यंत आलेली असायची, गळ्यात शिवणाची टेप तशीच. रात्रीच्या जेवणाआधी ती जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर घ्यायची आणि मी पाठ म्हणायचे. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण मी अडखळले की तिचं बोट थांबायचं. "पुन्हा म्हण," ती म्हणायची. "इथी तू खोटं बोलली." आणि बहुतेक वेळा मी तिथे खरंच काहीतरी गाळलेलं असायचं.

सुट्टीत मी गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीने ब्रह्मपुरीला उतरून गावी जायचे. तिथे आई मला काम करू द्यायची नाही. पाण्याची बादली उचलली तर हातातून काढून घ्यायची. मला ते प्रेम वाटायचं. एकदा मात्र जेवताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "उद्या सकाळच्या गाडीनं घरी जातो." बल्लारपूरला जाते, असं म्हणायचं होतं. बाबांनी ऐकलं नाही. आईने ऐकलं. तिने माझ्या ताटात भात वाढला आणि वर लाखोळीच्या डाळीचं वरण घातलं.

चंद्रपूरची यादी लागली आणि तिथेही माझं नाव होतं. त्यात नवल नव्हतं. मुंबईचा नंबर देशभराच्या फेरीतून लागला होता; राज्याच्या फेरीत पसंतीक्रम भरताना मी चंद्रपूर सगळ्यांत वर टाकलं होतं, कारण तेव्हा काकू माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती. तिने मला तसं करायला सांगितलं नव्हतं. ती फक्त बसली होती.

आता सगळेच सल्ला द्यायला लागले. क्लासचे सर म्हणाले, मुंबई सोडशील तर पस्तावशील. शेजारची बाई म्हणाली, चंद्रपूर सोडून मुंबईला जायला काय वेड लागलंय, तिथे हवा खराब. बाबांनी तर प्रश्न जीपमध्येच टाकला. आरमोरीला जाताना मागच्या सीटवरच्या सगळ्यांनी एकमताने मुंबई ठरवली. येताना दुसरे पॅसेंजर बसले, त्यांनी तितक्याच ठामपणे चंद्रपूर. बाबा फोनवर मला म्हणाले, "मले तं दोन्ही बाजूचं पटून राह्यलं गा." मला लाडाने ते 'गा' म्हणायचे, मुलगा असल्यासारखं.

आईला विचारलं तर ती एकच शब्द म्हणाली. "मुंबई."

काकूने मात्र आडवळण घेतलं नाही. भाजीला फोडणी देता देता ती म्हणाली, "पाह्य पोरी, मी मोठेपणा नाई करत. मले वाटते तू इथीच राह्य. तुझं भलं कुठी आहे मले नाई समजत. माझं भलं इथी आहे."

इतकं सरळ मला आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. मी मान डोलावली. आणि मला हायसं वाटलं. प्रश्न संपला, असं. रात्री झोपताना मात्र लक्षात आलं की ते नुसतं सुटल्यासारखं वाटणं होतं. आनंद त्यात कुठेच नव्हता.

काकूनेच मग आईला बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "बाई, पोरगी द्याची तं आपण घर पाहून येतो. शिकाले द्याची तं कॉलेज पाह्यले नको?" आई सकाळच्या गाडीने आली. नवी साडी, हातात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांग्यांची पिशवी. आम्ही तिघी चंद्रपूरला कॉलेज बघायला गेलो.

त्या दिवशी काकू यजमानीण झाली होती. हा बसथांबा, इथून आपल्या घरी जाणारी बस मिळते. ही खानावळ, इथलं तेल चांगलं दिसते. हा दवाखाना, बघा बाई किती लोक येतात. आई सगळ्याला "चांगलं आहे" म्हणत होती आणि पदर सावरत होती. झाडाखालच्या ओट्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी डबा खात बसली होती. काकूने तिला गाठलं.

"बाई, शनिवारी घरी जाऊ देतात का?"

"जवळ असलं तर जाता येतं की."

काकूने आईकडे पाहिलं. 'बघा' असं तोंडाने म्हणाली नाही एवढंच.

आईने त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला. "तुझा नंबर मुंबईले लागला असता तं?"

मुलगी खळखळून हसली. "मावशी, मग मी मुंबईला असते!" आणि आमचे चेहरे बघून घाईने म्हणाली, "पण मला इथं आवडतं, खरंच. पेशंट लवकर बघायला मिळतात, सर जीव लावून शिकवतात."

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत राहिली. स्टँडवर उतरल्यावर आई तिला म्हणाली, "हिले दोन दिवस घेऊन जातो." काकू म्हणाली, "न्या ना बाई. तुमचीच आहे." दोघीही हे जरा जास्तच गोड आवाजात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईची भाकरी घेऊन बांधीवर गेले. धान गुडघ्याएवढं झालं होतं आणि आई पाण्यात वाकून निंदत होती. मला बघून ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आली, पाय पाण्यातच सोडून बसली. अर्धी भाकरी खाल्ल्यावर म्हणाली, "मी मुंबई मुंबई करून राह्यली, ते काऊन, मालूम आहे?"

"मोठं कॉलेज आहे म्हणून."

"मले काय समजते त्यातलं मोठं न् लहान." तिने पायाशी चिकटलेलं गवत काढून बाजूला टाकलं. "चंद्रपुरात राह्यली तं तू तिच्याकडंच राहशीन. आणखी पाच-सहा वर्षं. मंग लगन होईन. मंग माह्याकडं कवा होती तू? मुंबईले गेली तं तिच्यापासून दूर न् माह्यापासूनबी दूर. बराबर होते. असा इचार केला मी."

मी तिच्याजवळ पाण्याचा तांब्या सरकवला.

"खराब आहे ना इचार?"

"नाई."

"आहे. तिनं तुले जेवू घातलं, तुह्या तापात जागली. आन मी इथी बसून हिसाब करून राह्यली, पोरगी कोणाकडं किती गेली." तिचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत, हात चिखलाचे होते. "म्हणून आता मी काई म्हणत नाई. मुंबईबी नाई म्हणत. तुले कुठी जावंसं वाटते ते सांग."

"मुंबईले."

शब्द इतका पटकन बाहेर आला की मीच दचकले. आई माझ्याकडे बघत राहिली. "मले बरं वाटावं म्हणून नोको सांगू."

"नाई व आई. मले खरंच जायचं आहे."

"काऊन?"

मी धुऱ्यावरचं गवत उपटत होते. शेवटी म्हणाले, "तिथी मले कोणी ओळखत नाई."

"हे काय कारण झालं?"

कारण तेच होतं, पण ते तिला समजावून सांगणं कठीण होतं. बल्लारपूरला काकू फाटकाशी उभी असायची, इथे आई बसथांब्यावर. एका घरी पोचले की दुसऱ्या घरी उशीर झाल्यासारखं वाटायचं. दोघींचं माझ्यावर प्रेम होतं आणि त्या प्रेमाकडे वेळेवर पोचायला मी सतत धावत होते. मला एकदा अशा खोलीचं कुलूप उघडायचं होतं जिथे कोणी वाट बघत बसलेलं नाही. हे मी जमेल तसं, अडखळत सांगितलं. आईला वाईट वाटेल म्हणून तिच्याकडे बघायचं टाळत होते.

आईने भाकरीचा शेवटचा तुकडा चावून संपवला. मग म्हणाली, "लग्नाआधी एकदा मी एकटीच ब्रह्मपुरीच्या बाजारात गेल्ती. घरी सांगितलं मैत्रिणीकडं जातो. दिवसभर फिरली. काई घेतलं नाई, कोणाले भेटली नाई. लय मस्त वाटलं." आणि ती हसली, लहान मुलीसारखी. "कोणाले सांगितलं नाई आजपर्यंत. तुह्या बाबालेबी नाई."

बांधीत उतरताना ती मागे वळून म्हणाली, "तिले तू सांग. मी फोन नाई करणार. तुह्या तोंडून ऐकू दे."

बल्लारपूरला पोचले तेव्हा काकू मशीनवर होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. वाटेत तयार केलेली सगळी वाक्यं गाडीतच राहिली. काकूने मान वर केली नाही. मशीन चालतच राहिली, ब्लाउजची एक बाही झाली, दुसरी झाली. मी चहा केला. तिच्याजवळ ठेवलेला चहा निवून गेला, वर साय आली. मी परत गरम करून आणला, तोही तसाच राहिला. दुपारभर आमच्यात एवढंच चाललं होतं.

उन्हं कलल्यावर तिने पायाखालची पट्टी थांबवली. "मी रडली तं राहशीन?"

मी खोटं बोलू शकले नाही. "हो."

"खरंच?"

"खरंच राहीन, काकू."

तिने दोरा दाताने तोडला. "मंग आज नाई रडत. तू गेल्यावर पाहू." आणि टेप घेऊन उठली. "इकडं ये. तो पांढरा कोट लागते ना तुले? माप दे."

दोन दिवसांत तिने दोन ॲप्रन शिवले. जन्मभर ब्लाउजच शिवल्यामुळे तिने त्यांना छातीला टक्स घातले, कमरेला चुण्या. मुंबईला पहिल्याच दिवशी शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये सगळ्या मुली गोणीसारख्या ढगळ कोटात उभ्या होत्या आणि मी मापात. दोघी-तिघींनी विचारलं, कुठल्या दुकानातून घेतलास? मी म्हणाले, "घरी शिवला. काकूनं."

बाबा मला सोडायला आले होते. कागदपत्रं तपासून झाली, हॉस्टेलची खोली मिळाली, बाबा परतीच्या गाडीला गेले. मी एकटी खोलीवर आले आणि कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं. दुसरी मुलगी अजून यायची होती. मी पलंगावर बसले, आणि ज्या क्षणासाठी मी दोन बायकांना दुखावलं होतं, त्या क्षणी मला इतकं रडू आलं की उशी ओली झाली. पण खोटं कशाला सांगू, रडून झाल्यावर खाली जाऊन एकटीने चहा प्यायले तेव्हा बरंही वाटलं. पुढची पाच-सहा वर्षं दोन्ही गोष्टी होत राहिल्या.

आता मी गडचिरोली जिल्ह्यात, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. कधी कोणी विचारतं, मुंबईला शिकून इथे कशी आलीस. मला वाटतं, चंद्रपूरला शिकले असते तरी डॉक्टर अशीच झाले असते. पण घरातलं जे बदललं, ते बदललं असतं की नाही, सांगता येत नाही.

ते असं झालं. आमच्या गावात फोनला रेंज धड नसायची. मी संध्याकाळी आईला लावायचे, लागायचा नाही. मग काकूला लावायचे. सकाळी मी वर्गात असायचे, म्हणून आई बांधीवर जाताना उंचवट्यावर थांबून काकूला फोन करायची. "काय म्हणते पोरगी?" काकू सांगायची: जेवली, परीक्षा आहे, सर्दी झाली. पहिले काही महिने एवढंच. मग काकू स्वतःची पाठ दुखते हे सांगायला लागली, आई धानावर पडलेल्या किडीबद्दल. पुढच्या पावसाळ्यात मी काकूला फोन केला तर मागून बायांचं गाणं ऐकू आलं. ती गावी होती, बांधीत उभी राहून धानाची रोपं लावत होती. लग्न झाल्यापासून तिने चिखलात पाय घातला नव्हता. "कंबर गेली माही," ती ओरडून म्हणाली, आणि शेजारून आईचा आवाज आला, "दोन ओळी लावल्या न् सांगून राह्यली!"

दुसऱ्या वर्षी मला मलेरिया झाला. आमच्याच हॉस्पिटलात भरती होते. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तर दारात दोघी उभ्या, प्रवासाने चुरगळलेल्या, प्रत्येकीच्या हातात वेगळा डबा. सिस्टर म्हणाल्या, "पेशंटजवळ एकालाच थांबता येईल. आई कोण?"

मी तापातही मान उचलून दोघींकडे बघितलं.

आई म्हणाली, "मी आई. पण ही थांबन." आणि काकूला पुढे ढकललं. "तू जा. हिच्या तापाची तुले सवय आहे."

काकू आत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, पाय दाबले. थोड्या वेळाने उठून बाहेर गेली आणि आईला आत पाठवलं. मग दिवसभर तेच. एक बाकावर, एक माझ्याजवळ. दाराशी त्यांची हळू आवाजातली ओढाताण मला ग्लानीत ऐकू यायची. "आता तुम्ही जा बाई." "अवं आत्ताच तं आली मी, तू जा." सिस्टर वैतागल्या, मग हसल्या, आणि शेवटी दुसरं स्टूल आणून दिलं.

हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली तेव्हा मला पंधरा दिवस घरी आराम करायला सांगितलं. कुठल्या घरी, हे मला कोणी विचारलं नाही. दोघींनी गाडीतच ठरवून टाकलं होतं. "बल्लारपूरलेच उतरू," आई म्हणाली. "इतक्या अशक्त पोरीले पुढं जीपमध्ये नाई हालवाचं."

आणि ती स्वतःही उतरली. तीन वर्षं मी त्या घरात राहिले होते, पण आई तिथे कधी मुक्कामाला थांबली नव्हती. कायम संध्याकाळच्या गाडीची घाई. त्या दिवशी तिने आपली पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली. काकू आत कुकर लावत होती. खिडकी उघडी होती. वारा फिरला तसं आईने नाकाला पदर लावला.

"हा कशाचा वास आहे व?"

"मिलचा," काकू आतून म्हणाली. "आठ दिवसांत येणं बंद होते. सवय झाली का मालूमच नाई पडत."

आईने खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्या अंगावरची चादर नीट केली.

"मंग आठ दिवस तं राहाच लागते," ती म्हणाली.